नत्थूजींचं पथ्य

गुरांच्या दवाखान्यात बिथरलेला बैल आला की मोठे डॉक्टर खुर्चीतून उठायच्या आधीच हाक मारत, "नत्थूजी, पाहा जरा." नत्थूजी झाडे म्हणजे तिथले ड्रेसर. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, जनावर धरायचं, ही त्यांची नोकरी. बाकीचे दोरखंड घेऊन धावत आणि नत्थूजी मोकळ्या हातांनी पुढं जात. आधी खांद्यावर तळवा ठेवायचा, मग गळ्याखालची लोंबती पोळी खाजवायची आणि तोंडानं काहीबाही पुटपुटत राहायचं. थोड्या वेळात बैल मान खाली घालायचा. लोक म्हणत, या माणसाच्या हातात काहीतरी आहे. नत्थूजी म्हणत, "हातात काही नाही गा. जनावराले घाई नाही दाखवा लागत."

माणूस मूळचा उमरेडकडचा. शाळा अर्धवट सुटली तसा नागपूरला आला, काकाच्या ओळखीनं दवाखान्यात चिकटला आणि पुढं नंदनवनात दोन खोल्यांचं घर झालं. देवकी घरात आली, दोन पोरी आणि एक पोरगा झाला. म्हातारी आई तुळसाबाई दाराबाहेरच्या ओट्यावर बसून गल्लीचा कारभार पाही. सगळं सरळ चाललं होतं, आणि त्या सरळपणाचा नत्थूजींना थोडा गर्वही होता.

दवाखान्यात त्यांच्याकडे आणखी एक काम असे, ते म्हणजे गोऱ्हे खच्ची करायचं. सुरुवातीला ते नुसते धरत, पुढं पुढं चिमटाही तेच लावू लागले. गोऱ्ह्याला आडवं पाडायचं, दोन बोटांत नस चाचपून नेमकी पकडायची आणि वरून चिमटा कचकन दाबायचा. रक्ताचा थेंब सांडत नाही. महिना-दोन महिन्यांत गोऱ्ह्याचा बैल होतो. डुरकणं बंद होतं, गाईमागं धावणं बंद होतं, अंगातली मिजास उतरते. शेतकऱ्याला तेच हवं असतं. नत्थूजींनी असे कितीतरी बैल केले, आणि घरी जाऊन शांतपणे भाकर खाल्ली.

मग शहात्तर साल आलं. सरकारी नोकरांवर वरून नसबंदीचा दट्ट्या होता आणि ज्याच्या घरात तीन लेकरं त्याचा नंबर पहिला. दवाखान्यातले कोणी रजेवर गेले, कोणी सासुरवाडीला पळाले. नत्थूजी मात्र बिनतक्रार गेले. तीन पुरेत, हे त्यांचं मतच होतं. शिबिरातला डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारा होता. भूल दिली, दुखलं काहीच नाही. फक्त एकदा त्या डॉक्टरानं दोन बोटांत चाचपून काहीतरी नेमकं पकडलं, आणि नत्थूजींच्या कपाळावर घाम आला. ती पकड त्यांच्या ओळखीची होती.

ऑपरेशन चांगलं झालं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जखम भरली, टाके सुकले, तक्रारीला जागा नव्हती. पण मन चिंती ते वैरी न चिंती. नत्थूजी घरी आले ते स्वतःवर नजर ठेवूनच. दुपारी डुलकी लागली की त्यांना वाटे, सुस्ती आली. पँट कमरेला घट्ट झाली की वाटे, अंगावर चरबी चढली, बैलावर चढते तशी. चाळिशीत कोणाचंही पोट सुटतं, पण हे त्यांना सांगणार कोण? दवाखान्यात कोणीतरी त्यांच्यावर खेकसलं आणि नत्थूजी उलटून बोलले नाहीत, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. बैल शांतच असतो.

आणि या खात्रीला पुरावाही मिळाला. पथ्याचे दिवस संपल्यावर नत्थूजी देवकीजवळ गेले. गेले ते परीक्षेला बसल्यासारखे. जे होतं की नाही हे पाहायला गेले ते झालं नाही. दुसऱ्यांदा गेले, तेव्हा पहिली वेळ आठवत गेले. तिसऱ्यांदा गेलेच नाहीत. पाठ दुखते असं सांगून त्यांनी खाट बाहेरच्या खोलीत, आईच्या अंथरुणाशेजारी टाकली.

जेवणावरची वासना उडाली. झोप पहाटेच मोडू लागली. वैद्याकडून काढे आणले, दुकानातून टॉनिकच्या बाटल्या आणल्या. नागपुरातल्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती काय कमी होत्या! येता-जाता त्या वाचून झाल्यावर एक दिवस नत्थूजी एका वैदूच्या तंबूपर्यंत गेलेही. तंबूतून नेमका त्यांच्याच दवाखान्यातला कारकून बाहेर पडला. दोघांनी एकमेकांना पाहिलं, दोघांनी सायकली उलट दिशांना वळवल्या आणि पुढं या विषयावर दोघंही ताकास तूर लागू देईनात.

देवकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की नवरा बाहेर झोपायला गेला आणि जेवताना तिच्याकडं पाहीनासा झाला. बाईच्या जातीला अशा वेळी दोनच कारणं सुचतात: आपलं रूप गेलं, नाहीतर दुसरी कोणी आली. विचारायची सोय नव्हती. सासूसमोर नवऱ्याशी बोलायचं ते भाजी आणि शाळेची फी एवढंच. तिचं अर्धं डोकं दुखायला लागलं. कपाळाला कापड बांधून ती स्वयंपाक करायची.

पुढच्या वर्षी पोळ्याला सजवलेले बैल गल्लीतून गेले. दर वर्षी नत्थूजी सगळ्यांत आधी बाहेर येऊन बैलांच्या पाया पडत; या वर्षी घरातच बसून राहिले. त्याच आठवड्यात त्यांनी देवकीला सांगितलं, "तू लेकराइले घेऊन उमरेडले राहा, भावाकडं."

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"पाहू."

खुशालीच्या पोस्टकार्डावर दोन ओळी टाकून त्यांनी मेहुण्याला बोलावूनही घेतलं. दसरा झाला की तो न्यायला येणार होता. नत्थूजींच्या मनात खोट नव्हती. आपण आता नवरा म्हणून काही कामाचे नाही, मग धडधाकट बाईला कशाला बांधून ठेवायचं, असा त्यांचा साधा विचार होता. पण तो त्यांनी मनातच ठेवला. नवऱ्यानं टाकून दिलं, एवढंच देवकीला कळलं.

डोकं अगदीच असह्य झालं तेव्हा ती रामदासपेठेत डॉक्टर उत्तराबाईंकडे गेली. तिची तिन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. उत्तराबाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या आणि मास्तरणीच्या आवाजाच्या. कोणत्याच गोळीनं न थांबणारी डोकी आणि कंबरा घेऊन येणाऱ्या बायका त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या, की शेवटी त्या मुंबईला जाऊन नवराबायकोंच्या दुखण्यावरचे उपचार शिकून आल्या होत्या. दवाखान्याच्या पाटीवर त्याचा उल्लेख नव्हता. असता तर पाटी दुसऱ्या दिवशी लोकांनी उतरवली असती. त्या फक्त म्हणत, "पुढच्या वेळी दोघांनी यायचं." देवकीची सगळी हकीकत ऐकून तिलाही त्यांनी तेच सांगितलं, आणि बायकोला काहीतरी मोठा आजार असेल या धास्तीनं नत्थूजी गेले.

दोघांना शेजारी बसवून बाई म्हणाल्या, "हिचं डोकं तपासलं, डोळे तपासले, रक्त तपासलं. काही नाही. आता तुम्ही सांगा, बाहेरच्या खोलीत का झोपता?"

नत्थूजींनी आ वासला. बाईमाणसानं, तेही बायकोसमोर, असं विचारावं? "पाठ दुखते," ते म्हणाले.

"पाठ दुखली तर माणूस गादी बदलतो. खोली बदलत नाही."

पंखा वर घरघरत होता. उत्तराबाई थांबल्या. त्यांना थांबता येत होतं. अर्धी विद्या तीच होती. शेवटी नत्थूजी बोलले, खाली पाहत, भराभर. "बाई, तुम्ही मोठ्या डॉक्टर हा. पण मले नका शिकवू. मी सोता गोऱ्हे खच्ची करतो. नस पकडली का खेळ खतम. शिबिरात माह्यावर तेच झालं. मी आता बैल हावो." आणि एवढ्या बैलांना मुठीत ठेवणारा तो माणूस तिथं खुर्चीत बसून रडला.

देवकीनं मान वर केली. "म्हनून?" ती म्हणाली. "म्हनून मले उमरेडले धाडून राहिले होते?"

नत्थूजींनी मान हलवली. देवकीनं पदर तोंडाला लावला. ती रडते की हसते ते त्यांना कळेना. खरं म्हणजे तिचं तिलाही कळत नव्हतं.

उत्तराबाईंनी दोघांना पाणी दिलं. "मला बैलातलं काही समजत नाही," त्या म्हणाल्या. "चिमटा दाबल्यावर आत काय होतं?"

हे नत्थूजींना झोपेतही सांगता आलं असतं. "नस चेपते. तिच्यासंगं रक्ताच्या नळ्याही चेपते. रक्त बंद पडलं का गोळ्या वाळून जाते."

"मग तुमच्या वाळल्या का?"

नत्थूजींनी बाहीनं डोळे पुसले.

"शेवटचं केव्हा पाहिलं?"

"आज. आंघोळीच्या टायमाले."

"मग?"

"आहे तशाच आहे," नत्थूजी म्हणाले, आणि आपलंच बोलणं ऐकून चकित झाले. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. पण दहा महिने कांकण रोज पाहूनही या माणसाला दिसलं नव्हतं.

बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बीज वाहून नेणारी बारीक नळी तेवढी बांधली होती. रक्त पूर्वीसारखंच होतं, पुरुषपणाचा रस रक्तातूनच जातो, म्हणून तोही पूर्वीसारखाच. नत्थूजींनी चित्र निरखून पाहिलं, दोन शंका विचारल्या, आणि त्यांना ते पटलं. शिकलेल्या कामातलंच होतं. ते उठले. "मंग झालं, बाई. येतो."

"बसा. झालं नाही," उत्तराबाई म्हणाल्या. "डोक्याला पटलं. अंगाला पटायला वेळ लागेल. तुम्ही दरवेळी अंगाची परीक्षा घ्यायला गेलात. भीतीत कोणतंही अंग नापास होतं. त्यात झोप गेली, भूक गेली, हिचं डोकं गेलं. हे सगळं एकाच दोरीला बांधलेलं आहे."

मग त्यांनी उपाय सांगितला. महिनाभर ती गोष्ट करायची नाही. इच्छा झाली तरी नाही, सक्त मनाई. मात्र आठवड्यातून एक-दोनदा दार लावून शेजारी पडायचं आणि आळीपाळीनं एकमेकांच्या अंगावरून हात फिरवायचा, पाठीवर, डोक्यावर, पायांवर. काय बरं वाटतं, काय नको वाटतं, ते तोंडानं बोलून सांगायचं. बस्स.

मनाई नत्थूजींना लगेच समजली. पथ्य हा प्रकार ओळखीचा होता. तेल नको, आंबट नको, तसं हे नको. उलट त्यांना हायसंच वाटलं. परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास होण्याची भीती कसली? घोडं अडलं ते दाराशी. रात्री तिन्ही लेकरं देवकीच्या खोलीत झोपत. म्हणजे दुपार. रविवारची दुपार. आणि नंदनवनातल्या त्या गल्लीत भरदुपारी नवराबायकोनं दार लावणं म्हणजे दवंडी पिटण्यासारखंच. त्यातून ओट्यावर तुळसाबाई.

चिमटा घेऊन मस्तवाल गोऱ्ह्यापुढं जातानाही नत्थूजींना आईपुढं जाण्याइतकी भीती वाटली नव्हती. "आई," ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईनं देवकीच्या डोक्याले तेल लावाले सांगतलं. मीच लावा लागते म्हने."

"तू?" तुळसाबाई म्हणाली.

"हाव. दार लावून. हवा नाही लागली पाहिजे."

म्हातारीनं लेकाकडं बराच वेळ पाहिलं. मग सुपारीचं खांड गालात ढकललं. "लेकराइले घेऊन मी देवळात बसते," ती म्हणाली. दोन पावलं जाऊन थांबली. "तुह्या बापानं नाही लावलं कधी. माह्यं काय डोकं दुखत नव्हतं?"

पहिल्या रविवारी नत्थूजींनी खरोखरच तेल लावलं. देवकी पाठ करून बसली होती आणि त्यांचे हात तिच्या डोक्यावर असे पडत होते की जणू डोकं परक्याचं आहे. इतकी वर्षं संसार केला, पण उजेडात, कशाचीही घाई नसताना, या बाईला हात लावायची वेळच आली नव्हती. पुढं काय करायचं ते सुचेना.

"असे काय भिऊन राहिले?" देवकी म्हणाली. "दवाखान्यात गाईले कसा हात लावता? तसा लावा."

नत्थूजींना हसू आलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी तळवा तिच्या खांद्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. पुढचं हाताला ठाऊक होतं. खांद्यावरून मानेकडं, मानेवरून पाठीच्या कण्यावर, न दाबता, न ओढता. देवकीचा श्वास हळूहळू लांबला. बोलून सांगायचं होतं, ते मात्र तिला पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या खेपेला तिनं एकच वाक्य सांगितलं, तेही भिंतीकडं तोंड करून: "तुमची दाढी टोचते." रविवार हा नत्थूजींचा दाढी न करण्याचा वार. त्या रविवारनंतर ते सकाळीच आरशासमोर बसू लागले. नातवंडांना घेऊन तुळसाबाई आपणहून देवळाची वाट धरू लागली, आणि गल्लीत कोणी चौकशी केली तर सुनेचं अर्धं डोकं फार वाईट आहे, असं ठासून सांगू लागली.

दसऱ्यानंतर देवकीचा भाऊ आला. देवकीनं त्याला वडाभात वाढला, पोटभर जेवू घातलं. ट्रंक कुठं आहे असं त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "भाऊबीजेले येते मी. दोन दिवसांसाठी." भावानं नत्थूजींकडं पाहिलं. नत्थूजी म्हणाले, "मीही येतो."

मधल्या दिवसांत त्यांची भूक परत आली होती. पहाटेची जाग गेली होती. देवकीच्या कपाळावरचं कापड कधी सुटलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. आणि महिना पुरा व्हायच्या आत एका रविवारी पथ्य मोडलं.

नत्थूजी कायद्याचा माणूस. आनंद झाला होता, इतका की सायकलवर बसून ते उगाचच अजनीपर्यंत जाऊन आले होते; पण डॉक्टरच्या शब्दाबाहेर गेलो याची टोचणीही होती. ठरलेल्या दिवशी ते देवकीला घेऊन रामदासपेठेत गेले आणि उभ्यानंच म्हणाले, "बाई, चूक झाली. पथ्य मोडलं."

उत्तराबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोणी मोडलं?"

नत्थूजी उत्तर शोधू लागले, तेवढ्यात देवकी म्हणाली, "मी."

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरच्या बाकावरच्या बायका आत डोकावल्या. पथ्य मोडण्यासाठीच असतं, असं काही त्यांनी सांगितलं नाही; पण नत्थूजींना ते समजलं, आणि तेही हसले. मग बाईंनी देवकीकडं वळून विचारलं, "म्हणजे आता सगळं पहिल्यासारखं झालं ना?"

"नाही," देवकी म्हणाली.

नत्थूजी खुर्ची ओढून बसले.

देवकी टेबलाच्या कडेकडं पाहत होती. "पहिलेसारखं नाही," ती म्हणाली. "पहिले मी वर छपराचे कवेलू पाहत राहायची, बाई. केव्हा आटपते म्हनून. लग्नाले सोळा वर्षं झाले. आता नाही पाहत."

उत्तराबाई हसायच्या थांबल्या. पण त्यांनी नत्थूजींची बाजू घेतली नाही, देवकीचीही घेतली नाही. आता औषध नाही, यायची गरजही नाही, पण रविवार सोडू नका, एवढंच सांगून त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं.

बाहेर येऊन नत्थूजींनी सायकलचं कुलूप काढलं, पण ते बसले नाहीत. शिबिराच्या आधी सगळं उत्तम होतं, आपण पुरे मर्द होतो, आणि मग ते सगळं गेलं, असं ते धरून चालले होते. दहा महिने त्यांनी त्याचंच सुतक पाळलं होतं. जे सुख परत यावं म्हणून ते रडले, ते तिला कधी मिळालंच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. कोणावर ते ठरेना. सायकल हातात धरून ते तिच्या बाजूनं पायी चालत राहिले. पंचशील चौक मागं पडला तेव्हा ते म्हणाले, "इतके वर्षं काहून नाही सांगतलं वं?"

"तुम्ही विचारलं कधी?" देवकी म्हणाली.